जाऊबाईंच्या टॅब्लेटचा रूट

जाऊबाई, तुमचा टॅब्लेट जळगाव जामोदहून परत आला. तुमच्या लेकीनं तो तुमच्या दोन पातळांच्या मध्ये गुंडाळून पाठवला, चार्जरसकट. तेरावं झालं, पाहुणे गेले, घर झाडून-पुसून झालं आणि मग मी तो चालू केला. सुरू होताना काळ्या पडद्यावर नेहमीची इंग्रजी सूचना आली की या यंत्राचं कुलूप उघडलेलं आहे, याच्यावर भरवसा ठेवू नका. तुम्ही दर वेळी ती सूचना वाचायचात आणि त्याला म्हणायचात, "तुह्यावर कोन भरोसा ठेवून राह्यलं बे? तू निस्तं लिही." या वेळी त्याला कोणी काही बोललं नाही. तो आपला मुकाट सुरू झाला.

या दिवसांत लोक तुमच्याबद्दल खूप चांगलं बोलले. बुलढाणा डेपोत बाई कंडक्टर दिसली की लोक वळून बघायचे, त्या काळापासूनच्या तुम्ही. राजूर घाटात गाडी बंद पडली तेव्हा तुम्ही लेकुरवाळ्या बायकांना आधी दुसऱ्या गाडीत बसवलंत, ही गोष्ट मला तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितली. मी ऐकून घेतली. पण ती माणसं खाकीतल्या बाईंबद्दल बोलत होती. मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून जिच्याशी भांडत आले, ती बाई कोणाला फारशी माहीतच नव्हती.

आपण भांडायचो फार छान. खोटं कशाला बोलू? काही घरांत जावा-जावा गोड बोलतात आणि आतून धुसफुसतात. आपल्याकडे सगळा मामला उघडा. देऊळघाटच्या मळ्यात वांगी लावायची की टमाटे, पाहुण्याला जेवायला थांबवायचं की चहावर वाटेला लावायचं, वरणाला फोडणी आधी की नंतर, आपल्याला कशाचंही भांडण करता यायचं. हातातलं काम थांबायचं नाही. तुम्ही भाकरी थापता थापता भांडायचात आणि मी फार सुटले की परातीवर बोटानं एकदा टक् करायचात. एक घंटी, गाडी थांबवा. तुमचं बोलून झालं की टक् टक्. दोन घंट्या, आता तू चल. आमचे हे तोवर पेपर घेऊन ओट्यावर जायचे. शेवटी चहा व्हायचा, तो कोणी करायचा यावर पुन्हा थोडं व्हायचं, आणि दिवस पुढे सरकायचा.

आणि खरी गरज पडली तेव्हा तुम्ही माझ्यासाठी भांडलात. मला टायपिंगचा क्लास काढायचा होता, सासऱ्यांना पसंत नव्हतं. तुम्ही ड्युटीवरून आलात, तिकिटाची पेटी खाली ठेवलीत आणि उभ्याउभ्या त्यांना म्हणालात, "मामाजी, एक गाडी चालू हाय ना घरातली? मंग दुसरी डेपोत काऊन उभी ठेवता?" क्लास निघाला. पुढे टायपिंगचा कॉम्प्युटर क्लास झाला, मी दोन खोल्यांवरून चार खोल्यांवर गेले. त्याबद्दल तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती. आता मानते.

मग तुमचे कान गेले. एकदम नाही, थोडे थोडे. डॉक्टर म्हणाले, जन्म इंजिनाच्या घरघरीत काढलाय, वयही झालंय. कानात मशीन घातलं तर ते शिट्टी मारायचं. "जल्मभर म्या घंटी मारली, आता हे मले शिट्टी मारून राह्यलं," असं म्हणून तुम्ही ते डबीत ठेवलंत ते ठेवलंत. मी पाटी-पेन्सिल आणली, तर म्हणालात, मी काय बालवाडीत आहे? मग राहिलं ओरडणं. कानाशी तोंड नेऊन ओरडलं की दहातला एखादा शब्द पोचायचा, आणि ओरडून माणूस फक्त कामाचंच बोलतो. भांडण ओरडून होतं असं लोकांना वाटतं. ते तसं नसतं. भांडायला बारीक आवाज लागतो, टोमणा लागतो, पाठ वळल्यावर पुटपुटलेलं अर्धं वाक्य लागतं.

तुम्ही हो ला हो करत सगळ्याला "हाव" म्हणायला लागलात. समोरच्याला त्रास नको म्हणून. एके दिवशी मी भाजी फोडणीला घालताना मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "जाऊबाई, वांग्यात गूळ टाकू का?" तुम्ही हसून म्हणालात, "हाव, टाक." वांग्याच्या भाजीत गूळ, आणि तुम्ही हाव! मी गॅस बारीक केला आणि मोरीत जाऊन रडले. मला बाकी काही नको होतं. तुम्ही पुन्हा मला "नाही" म्हणावं, एवढंच हवं होतं.

बोललेलं लिहून दाखवणारं ॲप मला क्लासमध्ये कळलं. समोरचा बोलतो आणि पडद्यावर अक्षरं उमटत जातात. आधी माझ्या फोनवर करून पाहिलं, पण अक्षरं मुंगीएवढी, आणि तेवढ्यात कोणाचा तरी फोन यायचा. मोठा पडदा हवा होता. नवा टॅब्लेट घेऊ म्हटलं तर तुम्ही कपाटातून नातीचा काढलात. ती कुठल्याशा ऑनलाइन क्लासला होती, क्लासवाल्यांनीच तो स्वस्तातला टॅब्लेट दिला होता. पुढे क्लास बंद पडला, पण टॅब्लेट अजून त्यांच्याच हुकमात. चालू केला की फक्त त्यांचं पान उघडायचं, त्यावर गोल गोल फिरायचं आणि काहीच यायचं नाही. दुसरं काही टाकावं तर ॲप स्टोअरच नाही. तुम्ही म्हणालात, चांगली गाडी उभी असताना नवी कशाले?

मी तुमच्या कानाशी ओरडले, "याले रूट करा लागते."

हा शब्द बरोबर पोचला. तुम्ही टॅब्लेट उलटापालटा करून पाहिला आणि गंभीरपणे विचारलंत, "कोनता?"

"काय कोनता?"

"रूट. जळगाव देशीन त चालते मले. धाडची गाडी नोको, बाजाराच्या दिवशी पाय ठेवाले जागा नसते."

मी सांगितलं की रूट म्हणजे मूळ. यंत्राच्या मुळाशी जायचं, म्हणजे मालकी आपल्याकडे येते, मग हवं ते टाकता येतं. तुम्ही म्हणालात, "मंग मूळ म्हन ना." आणि दुसऱ्या मिनिटाला तो खुलासा विसरलात, कारण तुमचाच अर्थ जास्त कामाचा होता. गाडी ठणठणीत आहे, टाकीत डिझेल आहे, पण कोणी रूट दिला नाही म्हणून डेपोत उभी आहे. असं तुम्ही आळीभर सांगितलंत. मी भाजी घ्यायला निघाले की बायका फाटकातून विचारायच्या, "भेटला का हो रूट तुमच्या टॅब्लेटले?" मी आयुष्यभर कॉम्प्युटर शिकवला. माझ्या कुठल्याही धड्याची एवढी चौकशी कधी झाली नव्हती.

ती दुपार मला फार आवडते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा लॅपटॉप, त्याला वायरनं जोडलेला टॅब्लेट, आणि पलीकडे तुम्ही मेथी निवडत. मी टॅब्लेटच्या माहितीच्या पानावर एकाच ओळीवर पुन्हापुन्हा टिचक्या मारल्या, तेव्हा त्यानं जाहीर केलं की तुम्ही आता डेव्हलपर झालात. तुम्ही ते वाचून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पेढे आन मंग." कुलूप उघडलं की आतलं सगळं पुसलं जाणार होतं. नातीला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली पुसून टाका, त्यात अभ्यासच आहे. शेवटची भीती अशी होती की काम बिघडलं तर टॅब्लेट कायमचा मरतो. असं झालं की त्याची वीट झाली म्हणतात. मी तेही ओरडून सांगितलं. तुम्ही मेथीची जुडी झटकलीत. "वीट झाली त झाली. न्हानीत लावू."

वीट झाली नाही, पण झाली असं वाटलं. ज्या फाईलनं टॅब्लेट सुरू होतो, ती बदलून मी नवी घातली, आणि तो सुरूच होईना. कंपनीचं चिन्ह दिसायचं, जायचं, पुन्हा दिसायचं. तुमचं म्हणणं, वायर खराब आहे, मघापासून ढिली दिसून राह्यली. माझं म्हणणं, वायरचा काही संबंध नाही, फाईल दुसऱ्या मॉडेलची आली असणार. तुम्ही वायर हलवून दाखवलीत. मी पडद्यावर बोट आपटून दाखवलं. "वायर!" "फाईल!" अशी आपली अर्धा तास जुंपली होती. हे ओट्यावर निघून गेले. त्यांना पेपर घेऊन जाताना पाहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की किती दिवसांनी ते असे गेले! माझा घसा बसला, पण मी त्या दिवशी भाजी फार चांगली केली.

दुसऱ्या दिवशी मी फाईलही नवी आणली आणि वायरही नवी लावली. दोन्ही एकदम. टॅब्लेट पटकन सुरू झाला. त्यामुळे बिघाड कशाचा होता हे कधीच कळलं नाही. तुम्ही शेवटपर्यंत वायर म्हणत राहिलात. मी अजूनही फाईलच म्हणते, आणि आता तर मला अडवायलाही कोणी नाही.

त्यानंतर ॲप स्टोअर बसवलं. ते तुम्हाला समजावावं लागलं नाही. डेपोतही स्टोअर असतं, स्टोअरकीपर असतो आणि तो सही घेतल्याशिवाय साधा नट देत नाही. टॅब्लेटच्या स्टोअरनं नाव विचारलं, पासवर्ड विचारला, नियम मान्य आहेत का विचारलं. "बराबर हाय," तुम्ही म्हणालात, "इथला बी तसाच खडूस दिसते." आणि मग आपल्याला हवं ते ॲप त्यानं दिलं.

पहिलं वाक्य मी क्लासमध्ये बोलते तसं बोलले. "नमस्कार जाऊबाई, मी मंदा बोलते आहे." अक्षरं तुमच्या नाकासमोर बोटभर मोठी उमटली. तुम्ही चष्मा काढून पुसलात, पुन्हा लावलात आणि म्हणालात, "हे त रेडिओवानी बोलून राह्यली तू. घरच्यावानी बोल."

घरच्यासारखं बोलले आणि घोटाळा झाला. ॲपला आपली बोली येत नव्हती. मी विचारलं, "तुले चहा पाहिजे का?" असं शेजारणीला. तुम्ही वाचलंत, "जुळे चहा पाहिजे का." तुम्ही चकित होऊन विचारलंत, "जुळे? कोनाले झाले?" शेजारची आली नाही म्हणून मी म्हटलं, "काऊन आली नाही ती?" तर त्यानं लिहिलं, "काऊ आली नाही ती." आणि सगळ्यात मोठी फजिती त्या दिवशीची, मी सांगितलं की हे धाडच्या बाजारात जाऊन राह्यले, म्हणजे चाललेत. त्यानं शिकल्यासवरल्यासारखं लिहिलं, "हे धाडच्या बाजारात जाऊन राहिले." तुम्ही पदर तोंडाला लावलात. "मंदे, काय झालं तुमच्यात? बाजारात राह्याले काऊन गेले ते?"

म्हणून मग माझ्यावर शुद्ध बोलायची वेळ आली. तुमच्यावर नाही. तुम्हाला बोलायला कोणाची गरज नव्हती, तुम्ही ऐकण्यापुरता टॅब्लेट वापरत होतात. त्यामुळे लढाई फार विषम झाली. तुमच्याकडे सगळा वऱ्हाडी दारूगोळा, आणि माझ्याकडे पाठ्यपुस्तक. तुम्ही म्हणायचात, "तुह्या डोक्यात का भुसा भरला का वं?" आणि मी टॅब्लेटकडे तोंड करून सावकाश, स्पष्ट उच्चारात म्हणायची, "मला तुमचे म्हणणे मान्य नाही." जाऊबाई, शुद्ध मराठीत भांडता येत नाही. ग्रामसभेचा ठराव वाचल्यासारखं होतं. "आपण वस्तुस्थिती समजून घ्या," असं मी एकदा म्हटलं, तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की हातातले हरभऱ्याचे सोलाणे ताटाबाहेर सांडले. मग मलाही हसू आलं, आणि त्यानं आपलं हसणं काहीच लिहिलं नाही. पडदा कोरा राहिला.

पण तुम्ही "नाही" म्हणालात. तेही पहिल्याच आठवड्यात. मी शुद्धात विचारलं होतं, "वांग्यांमध्ये गूळ घालू का?" आणि तुम्ही वाचून माझ्याकडे असं पाहिलंत की जणू मी घर विकायला काढलंय. "पुन्याची होऊन राह्यली का तू?" मला किती बरं वाटलं ते तुम्हाला कसं सांगू?

त्यानंतरचे आपले दिवस सुखाचे गेले. मी हे उगाच म्हणत नाही. सकाळी तुम्ही टॅब्लेट डब्याला टेकवून ठेवायचात, मी पोळ्या लाटायची, आणि आपण बोलायचो, मळ्याचं, माणसांचं, कोणाचं लग्न कुठं मोडलं याचं. तुम्ही पुन्हा घरात होतात. शेजारणी आल्या की तुम्ही त्यांनाही सांगायचात, "बाई, याच्यासमोर जरा सायबावानी बोल, याले आपलं समजत नाही." त्या बिचाऱ्या लाजून एकदम "मी येते हं" वगैरे म्हणायच्या. आपल्या आळीत एवढं शुद्ध मराठी कधी कोणी बोललं नसेल.

मग तुम्ही लेकीकडे जायला निघालात. थोडेच दिवस, असं ठरलं होतं. दुपारची वेळ. तुमची पिशवी भरून दाराशी ठेवलेली, हे स्टँडवर सोडायला रिक्षा आणायला गेलेले. कंडक्टरची सीट धरून बसायचं नाही, त्याला हिशोब शिकवायचा नाही, असं मी तुम्हाला बजावलं. टॅब्लेटनं ते ठीक लिहिलं. औषधं घेतलीत का, विचारलं. तेही ठीक. तुम्ही सगळ्याला हो-नाही करत होतात, पदराला गाठ मारत होतात.

मला एक सांगायचं होतं. मनात आधी शुद्धात जुळवून पाहिलं, तुमच्याशिवाय मला करमत नाही. वाक्यात चूक नव्हती. पण ते कोणीही कोणालाही म्हणेल असं होतं, ते माझ्या तोंडचं नव्हतं. म्हणून मी ते आपल्या बोलीत म्हटलं, आणि लाज वाटली म्हणून जरा हळू म्हटलं. त्यानं लिहिलं, "तुमच्या बिगर मळे करवत नाही."

त्याच्याशी वऱ्हाडी बोलणं मी केव्हाच सोडून दिलं होतं, त्यामुळे तुम्हाला शंकाही आली नाही. तुम्ही वाचलंत आणि कपाळाला आठ्या घातल्यात. "मळे? एकच त मळा हाय आपला, थो बी दुसऱ्याले बटईनं देल्ला. त्यात तुले काय करा लागते?" मग माझ्या तोंडाकडे पाहिलंत. "काय म्हनतं? पुन्हा बोल."

बाहेर रिक्षा आली होती. ह्यांनी हाक मारली. मी म्हटलं, "काही नाही."

हे दोन शब्द मात्र त्यानं बिनचूक लिहिले. तुम्ही ते वाचलेत, मान हलवलीत, टॅब्लेट पातळात गुंडाळून पिशवीत घातलात आणि निघालात. तिथं एका दुपारी जेवून आडव्या झालात त्या उठल्याच नाहीत. लेक म्हणाली, चेहरा शांत होता. असणारच. तुम्हाला झोप नेहमीच छान लागायची.

आता तुमच्या-माझ्यात तो टॅब्लेट नाही, म्हणून हातानंच लिहिते आहे. मळ्याचं काही नाही, जाऊबाई. मळा बरा आहे. तुमच्याबिगर मले करमत नाही.